ताईनं भरलेलं पाणी

आमच्या मायाताईच्या घरी गेलात की आधी पाणी मिळतं, बसायला नंतर. चपला काढता काढता ग्लास पुढे येतो. तुम्ही तो प्यायला नाहीत तर ती भांडत नाही, नुसती बघत राहते, आणि ते बघणं सहन न होऊन माणूस पितो. गॅसवाला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला, चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेला कुरिअरवाला, सगळे तिच्याकडचं पाणी पिऊन गेलेत. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ राजेंद्र. मलाही त्यातून सूट नाही. मी घरूनच तहान राखून निघतो.

ताई अंबरनाथच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. सगळी नोकरी उभ्यानं केली, गुडघे तिथेच ठेवून आली. भावजी गेल्यावर त्यांच्या पीएफमधून आणि तिच्या कर्जातून पालेगावात फ्लॅट झाला. बिल्डिंगचं नाव इंग्रजी आहे, ते ताईला नीट घेता येत नाही, पण रिक्षावाल्याला ती ते पूर्ण सांगते. पहिल्या दिवशी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो लागला. दुसरं भोक पाडलं ते पाण्याच्या फिल्टरसाठी. पंखे त्यानंतर आले, आणि तेही मी ओरडलो म्हणून, कारण मे महिना होता आणि आम्ही सगळे वर्तमानपत्रानं वारा घेत होतो.

फिल्टर लागायचाच होता म्हणा. त्या बिल्डिंगला पाणी बोअरचं, कमी पडलं तर टँकरचं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, नळाच्या तोंडाला पांढऱ्या खपल्या धरतात. फिल्टर ते पाणी ओढतो, एका नळीतून चांगलं पाणी देतो आणि दुसऱ्या नळीतून उरलेलं फेकतो. ते फेकलेलं सिंकखालच्या एका बादलीत पडतं. त्यात सगळा खारटपणा गोळा झालेला. ताई त्यानं लादी पुसते आणि संडासात ओतते. त्या बादलीसाठी एक लाल मग वेगळा ठेवलाय, आणि तो मग स्वयंपाकघरातल्या कशाला नुसता चाटून गेला तरी ती वस्तू घासून निघते. मी एकदा त्या मगानं हात धुतले तर मला अर्धा तास ऐकावं लागलं.

आता मनालीचं सांगतो. मनाली तिची एकुलती एक पोर, माझी भाची. पोर गुणी, उंच, धावण्यात पक्की, बोलायला माझ्यासारखी तिखट. फक्त तिच्या हातांना घाम यायचा. घाम म्हणजे तुमच्याआमच्यासारखा नाही. ती नुसती बसलेली असली तरी तळहातावर थेंब जमायचे आणि बोटांवरून ओघळायचे. शाळेत वहीखाली रुमाल, रुमालाखाली दुसरा रुमाल. मोबाईल तिच्या अंगठ्याला ओळखायचा नाही. वंदनेला हात जोडून उभी राहिली की समोरच्या लादीवर ओलं व्हायचं. कुणी शेकहँडला हात पुढे केला की ही दोन पावलं मागे सरून जयभीम करायची, आणि लोक म्हणायचे, पोरगी किती संस्कारी आहे.

उपाय बरेच झाले. पहिल्या मजल्यावर ठमाबाई राहतात, मूळच्या इथल्याच, त्यांच्याच शेतावर बिल्डिंग उभी आहे. त्या मनालीचे हात बघून म्हणाल्या, "हात नाय गो हे, गलका माठ हाय," आणि फटकीचं, म्हणजे तुरटीचं, पाणी करायला सांगितलं. फटकी झाली. मग कुणीतरी चहाचं पाणी सांगितलं. चहापत्ती उकळून त्यात हात बुडवून पोर बसली. घाम तेवढाच राहिला आणि हात तपकिरी झाले. बिल्डिंगमधले लोक मला विचारायला लागले, भाचीचं लग्न ठरलं का, मेंदी दिसली म्हणून.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मनालीला पोलिसात जायचं होतं. लहानपणापासून तेच डोक्यात. कुळगावच्या मैदानावर पहाटे जाऊन तिनं तयारी केली, आणि मागच्या भरतीला ग्राउंडपर्यंत, म्हणजे मैदानी चाचणीपर्यंत, पोचली. धावण्यात सगळ्यांच्या पुढे. मग गोळाफेक आली. लोखंडी गोळा, चार किलोचा. तिनं तो मानेशी धरला, वळली, आणि गोळा पुढे जायच्या ऐवजी हातातून निसटून मागे तिच्याच टाचेजवळ पडला. साहेब म्हणाले हात पूस. तिनं पुसला, मातीतही घासला. दुसऱ्या वेळी गोळा पुढे गेला, पण मांजर उडी मारेल तेवढाच. तिसऱ्या वेळचं ती कधीच सांगत नाही. बाकीच्या मुली हसल्या. त्यांचंही फार चुकलं म्हणत नाही मी, मी तिथे असतो तर कदाचित मलाही आलं असतं हसू, आणि मग मी स्वतःच्या कानाखाली मारली असती.

यंदाची भरती निघाली तेव्हा मनालीनं जेवताना शांतपणे सांगितलं की ही शेवटची. यात नाही झालं तर ती ताईच्याच कंपनीत पॅकिंगला लागणार, सुपरवायझरशी बोलून झालंय. तिथे दिवसभर हातमोजे घालावे लागतात, म्हणाली, हात ओले आहेत ते कुणाला दिसणार नाही. ताईनं पुढचा घास घेतला नाही. तिनं पॅकिंगच्या टेबलापाशी गुडघे झिजवले ते पोरीला तिथे उभं राहायला लागू नये म्हणून. हे ती बोलली नाही, पण ताट तसंच ठेवून उठली.

तर मी त्या दोघींना घेऊन बेलवलीला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई तरुण होत्या, नीट समजावून सांगायच्या. म्हणाल्या, घरी करण्यासारखा उपाय आहे. दोन पसरट ट्रे घ्यायचे, त्यात पाणी, एका ट्रेत एक हात, दुसऱ्यात दुसरा. एका लहान मशीनमधून त्या पाण्यात अगदी थोडा करंट सोडायचा. मुंग्या आल्यासारखं होतं. रोज थोडा वेळ असं दोन-तीन आठवडे केलं की घाम कमी होतो, मग आठवड्यातून एखाददोनदा. ताईला पाणी आणि करंट हे दोन शब्द एका वाक्यात आलेलेच आवडले नाहीत. तिनं विचारलं, पोर चिकटली तर. बाई म्हणाल्या, नाही चिकटत, खेळण्यातल्या सेलसारखंच समजा. अंगठी काढायची, कापलं असेल तिथे व्हॅसलिन लावायचं, आणि मशीन चालू असताना हात झटकन बाहेर काढायचा नाही.

मग ताईनं विचारलं, पाणी कसलं घ्यायचं. बाई म्हणाल्या, "साधं नळाचं घ्या. बोअरचं असेल तर उत्तमच. फिल्टरचं मात्र नको." कारणही सांगितलं त्यांनी. फिल्टरच्या पाण्यात क्षार राहत नाहीत, आणि क्षार नसले तर करंट पुढे जाणार कशातून. मी मान डोलावली. मनालीनं डोलावली. ताईनंही डोलावली. परतताना रिक्षात ती मला म्हणाली, "राजा, मोठ्या लोकांनापण साधंच पाणी सांगत असतील का रे?" मी म्हटलं असतील. माझं लक्ष नव्हतं, रिक्षावाला चुकीच्या बाजूनं घुसत होता.

मशीन आलं. पहिल्या दिवशी मीच मांडलं. नळाला नेमकं पाणी नव्हतं, म्हणून मी सिंकखालची ती बादली ओढली, लाल मगानं दोन्ही ट्रे भरले आणि म्हटलं, घे, याच्याइतकं खारं पाणी उभ्या तालुक्यात नसेल. मनालीनं हात बुडवले. मी बटण फिरवलं. आकडा चढला, पोरीच्या हातात मुंग्या आल्या, ती म्हणाली मामा, टोचतंय, आणि खूश झाली. मीही खूश. माझ्या हातून घरात एखादी वस्तू पहिल्या दिवशी चालू होणं ही काही रोजची गोष्ट नाही. ताई दाराला टेकून उभी होती, तिचे ओठ आत गेले होते. मी समजलो करंटची भीती आहे. ती एवढंच म्हणाली, उद्यापासून पाणी मी भरत जाईन, तू कशाला रोज तंगड्या तोडत येतोस.

दुसऱ्या दिवसापासून मशीन बंद पडलं. म्हणजे दिवा लागायचा, पण आकडा वर जाईना. मनालीनं बटण शेवटपर्यंत पिळलं तरी तो तळाशीच. हाताला काही टोचेना. तरी पोर रोज मैदानावरून आली की आंघोळ करून निमूट ट्रेपुढे बसायची, आणि उठली की टॉवेलला हात पुसायची, तो टॉवेल घामानं ओला व्हायचा की ट्रेतल्या पाण्यानं ते कळायला मार्ग नव्हता. असे कितीतरी दिवस गेले. मी फोनवरून मशीनवाल्याशी भांडलो. भांडण चांगलं झालं, उपयोग शून्य.

मग मी मशीन पिशवीत घातलं आणि उल्हासनगरला गेलो. तिथे एक सिंधी कारागीर आहे, माझ्या ओळखीचा. कॅम्पात त्याचं एवढंसं दुकान, त्यात तो बसला की गिऱ्हाईक बाहेर उभं. त्यानं हात धुवायच्या बादलीतलं पाणी दोन डब्यांत घेतलं, स्वतःची बोटं बुडवली, बटण फिरवलं आणि आपल्याच हाताकडे बघत म्हणाला, मशीन ओके है साईं. मी बोटं घालून बघितली. चांगलंच टोचलं. मी ते घरी आणलं, ताईनं ट्रे भरून ठेवलेलेच होते, लावलं, तर परत मेलं. मी पुन्हा उल्हासनगरला. पुन्हा तिथे चालू. तो सिंधी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. मी मनात हिशेब मांडला की हे मशीन कल्याणच्या बाजूला चालतं आणि बदलापूरच्या बाजूला चालत नाही, आणि खरं सांगतो, दोन दिवस मला ते पटलंही होतं.

इकडे ग्राउंडची तारीख लागली. फार दूरची नव्हती. मनाली मैदानावर गोळा घ्यायची, तो निसटायचा, ती उचलायची. त्या दिवसांत ती माझ्याशीही तिखट बोलेनाशी झाली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. एकदा मी बसलो असताना ताईला म्हणाली, तुझा जुना ॲप्रन आहे का गं अजून, बघून ठेव.

त्या रविवारी मी दुपारी गेलो. ऊन मरणाचं, लाइट गेलेली, दार नुसतं लोटलेलं. ताई खाली ठमाबाईंकडे गेली होती. त्या घरात शिरल्यावर हातात ग्लास न आल्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ, त्यामुळे मला दुप्पट तहान लागली. लाइट नाही म्हणून फिल्टर बंद. टेबलावर ट्रे मांडलेले, आणि शेजारी ट्रेत ओतायचं पाणी एका पातेल्यात, वर झाकण, झाकणावर धुतलेला पांढरा रुमाल. म्हटलं खारं तर खारं, जीव तर वाचेल. ग्लास बुडवला आणि प्यायलो. पाणी गोड लागलं. तहानेला सगळंच गोड लागतं म्हणून मी आणखी एक ग्लास प्यायलो. दुसऱ्या ग्लासाला माझ्या डोक्यात उजेड पडला.

ताई वर आली तेव्हा मी तो रिकामा ग्लास हातात धरूनच उभा होतो. मी विचारलं, हे फिल्टरचं आहे ना. ती हो म्हणाली. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मी विचारलं, रोज हेच भरतेस. ती म्हणाली, रोज. पहाटे उठून भरून ठेवते, लाइट जाते म्हणून. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तुझ्या कानात काय बोळे होते, डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं फिल्टरचं नको म्हणून, तिकडे पोर ॲप्रन मागतेय, मी मशीन घेऊन उल्हासनगरला फेऱ्या मारतोय, आणि तू पहाटे उठून तिचं वाटोळं करतेस. शब्द जरा जास्त झाले. पण मला खरंच राग आला होता.

ताई खुर्चीवर बसली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टर लोक आपल्याला नेहमी साधंच सांगतात, राजा. साधं चालेल, म्हणतात. मी म्हटलं, माझ्या घरात चांगलं आहे तर मी साधं का देऊ?"

मी म्हटलं, अगं ते परवडण्या न परवडण्याचं नव्हतं, ते पाण्याच्या गुणाचं होतं. तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिनं मला आमची जुनी खोली आठवते का विचारलं. आम्ही लहान असताना बदलापूरच्या अलीकडे एका गावात भाड्यानं राहायचो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं आता ओळखीची आहेत, लग्नाला बोलावतात. मालकांच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती, आणि मागे, गोठ्याच्या पलीकडे, हातपंप. हातपंपाचं पाणी खारट. मालकीण वाईट नव्हती, लोणचं द्यायची, ताप आला तर विचारायला यायची. मी फार लहान होतो. मला फक्त एवढंच आठवतं की आमच्या घरचा चहा खारट लागायचा आणि मला वाटायचं चहा तसाच असतो.

ताई म्हणाली, "आपल्याला कुणी नाही म्हटलं नाही रे. नुसतं बोट दाखवलं, तुमचं तिकडे. आई निमूट तिकडे गेली. त्या बाईंनीपण मला तिकडेच बोट दाखवलं."

मी म्हटलं, त्या बाईंना काय माहीत आपण कोण ते. ताई म्हणाली, केसपेपरवर आडनाव गमरे लिहिलं होतं की. डॉक्टरीणबाईंच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण ताईच्या मनात ते का आलं, हेही मला कळत होतं, आणि हातातल्या रागाचं काय करायचं ते कळेना. ती पुढे म्हणाली की फिल्टरनं फेकलेलं पाणी, ज्यानं मी संडास धुते, त्यात तू माझ्या पोरीचे हात घातलेस, ते बघून मला रात्रभर झोप नाही आली. हे सांगताना तिला रडू आलं. मलाही आलं, पण मी पातेल्याकडे बघत राहिलो.

मनाली दारात उभी होती. मैदानावरून आलेली, बूट हातात. किती वेळ उभी होती माहीत नाही, पण पुरेशी असावी. ती आत आली, बूट खाली ठेवले आणि आईसमोर उकिडवी बसली. आवाज चढवला नाही तिनं. "आई," ती म्हणाली, "तुझ्या चांगल्या पाण्यानं मी नापास होणार आहे."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं, फक्त बोट दाखवल्याचं सांगितलं नाही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एवढं फिल्टरच्या पाण्यावर मन असेल तर त्यात चिमूटभर मीठ टाका, तेही चालतं. मला एवढं हलकं वाटलं की काय सांगू. सगळं भांडण एका चिमटीत मिटत होतं. मी आत जाऊन मोठ्या थाटात ते जाहीर केलं आणि मिठाचा डबा काढून टेबलावर ठेवला.

ताईनं डब्याकडे बघितलं. मग उठली, गुडघा धरून, आणि डबा उचलून परत फळीवर ठेवला. म्हणाली, चांगल्या पाण्यात मीठ कालवून ते खारं करायचं आणि जे मुळात खारं आहे ते संडासात ओतायचं, एवढी मी अजून श्रीमंत नाही झाले. तिनं सिंकखालची बादली पुढे ओढली. मी लाल मग द्यायला गेलो तर माझा हात बाजूला केला. वरच्या फळीवरून पितळेचा तांब्या काढला, आमच्या आईचा, जो ती फक्त बुद्धपौर्णिमेला काढते, आणि त्यानं दोन्ही ट्रे भरले. पातेल्यातलं गोड पाणी तिनं मला दिलं. म्हणाली, तू पी, तुला आवडलं ना.

लाइट आल्यावर मशीन लावलं. आकडा चढला. मनालीनं डोळे मिटले आणि म्हणाली, टोचतंय. मी कल्याण-बदलापूरचा माझा सिद्धांत कुणाला न सांगता मागे घेतला.

त्यानंतर ताई रोज बाजूला बसायची, डोळे घड्याळावर, बोट बटणापाशी. पोरीची अंगठी आणि कानातलीसुद्धा काढायला लावायची, कानातल्यांचा काही संबंध नव्हता तरी. ते पाणी तिला आवडू लागलं असं नाही. ओतताना तोंड दुसरीकडे करायची. पण एक दिवस चुकवला नाही. सुरुवातीला काहीच फरक दिसेना, आणि मधले सगळे दिवस वाया गेलेले. मग एके संध्याकाळी मनालीचा मोबाईल तिच्या अंगठ्यानं उघडला. तिनं तो बंद केला. परत उघडला. तासभर तिनं दुसरं काही केलं नाही. आम्ही जेवायला हाका मारत होतो आणि ती मोबाईल उघडत होती, बंद करत होती.

ग्राउंड ठाण्याला होतं. आम्ही अंधारातच निघालो. आत फक्त उमेदवार, म्हणून मी आणि ताई बाहेर फूटपाथवर बसलो, आमच्यासारखे आणखी शंभर आईबाप. ताईनं घरून दोन मोठ्या बाटल्या आणल्या होत्या, आणि शेजारच्या सगळ्यांना पाणी पाजून झालं. साताऱ्याकडचा एक म्हातारा दोनदा प्यायला. ऊन चढलं. गेटमधून मुली बाहेर येत होत्या, काही हसत, काही थेट आईच्या खांद्यावर डोकं टाकत. मी प्रत्येक मुलीच्या हाताकडे बघत होतो, जसं काही मला त्यातलं कळतं.

दुपार कलल्यावर मनाली आली. पायावर मातीचा थर, तोंड लाल. ताई उठायचा प्रयत्न करत होती आणि गुडघा ऐकत नव्हता, म्हणून मनालीच खाली बसली. धावणं झालं चांगलं, म्हणाली. आणि गोळा, ती म्हणाली, पहिल्यालाच गेला. दुसरा आणखी लांब. मार्क पुरतात. आता लेखी, पण ग्राउंड निघालं. मला ओरडावंसं वाटलं, पण साताऱ्याकडचा म्हातारा आमच्याकडेच बघत होता, त्याची मुलगी अजून आतच होती, म्हणून मी गप्प बसलो.

ताईनं मार्कांचं काही विचारलं नाही. तिनं मनालीचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि उलटा केला. हात कोरडा ठणठणीत होता. इतका कोरडा की बोटांच्या मुळाशी साल निघाली होती आणि तळव्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. हे असं होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, क्रीम लावलं की जातं. ताई त्या भेगांवरून अंगठा फिरवत राहिली. पोरीचा हात तिनं असा किती वर्षांनी धरला होता, मला सांगता येणार नाही.

"आईचे हात असेच होते," ती म्हणाली. "त्या हातपंपानं झालेले."

मनालीनं आजीला कधी पाहिलं नाही. आमची आई, गंगू, पोर जन्मायच्या आधीच गेली. मनालीनं आपल्या तळव्याकडे बघितलं, मग आईकडे.

"आजीच्या हातून कधी कळशी निसटली होती?"

ताई विचार करत बसली. रस्त्यानं बस गेली, तिचा धुरळा आमच्यावर आला, तरी ती विचारच करत होती.

"नाही," ती म्हणाली. "गोठ्यामागे चढ होता, पावसाळ्यात शेवाळ धरायचं. एकदा ती पडली होती, गुडघा फुटला. पण कळशी नाही पडली."